कुणी विचारायला आलं नाही तर

हार्लन फेरी, ९ मार्च १८७६

लायमन,

तू सेंट लुईसला एका छापखान्यात लागलास, हे मला क्रामरकडून कळलं. पाव घ्यायला गेले होते. त्याने पिठाचे हात पुसले आणि म्हणाला, "बाई, लायमनचं पत्र आलंय मला." माझा चेहरा बघून पुढे म्हणाला, "चार ओळींचंच आहे. तुम्हाला वाचून दाखवू?" मी नको म्हटलं. पत्र त्याला होतं.

तू त्याला आधी लिहिलंस याचं मला वाईट वाटलं नाही. ओटिली त्याची मुलगी होती, आणि तुझीही कोण होणार होती ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिला त्याने पुन्हा पुरलं. पाद्रीबाबांनी प्रार्थना लवकर उरकली. दुसऱ्यांदा काय म्हणायचं ते त्यांच्या पुस्तकात लिहिलेलं नसावं. आता अंधार पडला की क्रामर बंदूक घेऊन दफनभूमीत जाऊन बसतो. पहाटे येऊन भट्टी पेटवतो. पाव हल्ली करपलेले असतात, पण कुणी तक्रार करत नाही.

ओटिलीची कबर रिकामी निघाली आणि गाव वैद्यकीय कॉलेजच्या तळघरात शिरलं, तेव्हा तू पुढे होतास, असं मला नंतर लोकांनी सांगितलं. कापड तूच बाजूला केलंस म्हणे. ते मला आधी कळलं असतं तर त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मी तुला "आवाज खाली" असं म्हटलं नसतं. तू एवढंच विचारलंस, "बाबा, ही प्रेतं येतात कुठून, तुम्हाला माहीत होतं?" आणि डॉक्टर म्हणाले, "मी कधी विचारलं नाही." तू टोपी उचललीस. मला वाटलं ओसरीवर गेलास.

तुझ्या वडिलांनी कॉलेज सोडलं. शरीरशास्त्र शिकवणार नाही म्हणतात, आणि रोगीही थोडेच घेतात. शरद ऋतूत विधानसभेला उभं राहायचं चाललंय. तब्येत ठीक आहे. तुझं नाव ते काढत नाहीत.

तुला लोकरी मोजे पाठवले आहेत.

तुझी आई

•

राजधानी, २० फेब्रुवारी १८७८

लायमन,

मोजे परत आले. पुडक्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "सोडून गेला." ही चिठ्ठी कॅन्सस सिटीच्या टपाल कचेरीत ठेवायला सांगते आहे. क्रामर म्हणतो तू त्या बाजूला गेलास.

मी इथे डॉक्टरांबरोबर एका खानावळीच्या माडीवर राहते. काल त्यांचं विधेयक मंजूर झालं. पेपरात वाचशील, पण पेपरवाले आवाज नसलेलं लिहितात, म्हणून मी सांगते.

विधानसभेच्या वरच्या सज्जात आम्ही बायका बसलो होतो. डॉक्टर उभे राहिले. तुला माहीत आहे ते कसे बोलतात, नाडी बघता बघता बोलल्यासारखे. म्हणाले, डॉक्टरांना शिकायला देह लागतो. तो कायद्याने दिला नाही तर चोर देतात. म्हणून गरीबखान्यात, तुरुंगात, धर्मादाय इस्पितळात जो मरेल आणि ज्याला एका दिवसात कुणी विचारायला येणार नाही, तो वैद्यकीय कॉलेजला द्यावा. मग या राज्यात कुणाचीही कबर उकरली जाणार नाही. "कुणाच्याही मुलीची," असं म्हणाले आणि थोडे थांबले. माझ्या शेजारची बाई रडायला लागली.

तेव्हा पूल नावाचा एक म्हातारा सभासद उठला. डोंगराकडचा शेतकरी आहे, बुटांना चिखल असतोच. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, माणसाला विचारायला कुणी येत नाही याची कारणं असतात. कुणाकडे गाडीभाडं नसतं. कुणाला वाचता येत नाही. कुणाला तो मेलाय हेच ठाऊक नसतं. एका दिवसात माझ्या गावाला बातमीसुद्धा पोचत नाही."

"कुठेतरी रेघ मारावी लागते, पूलसाहेब," डॉक्टर म्हणाले.

"मारा की. फक्त ती कुणाच्या अंगावरून जाते ते बघा."

लोक हसले. मतं पडली. विधेयक मोठ्या बहुमताने पास झालं आणि लोकांनी टोप्या उडवल्या. त्यात खोटं काही नव्हतं, लायमन. क्रामरने तार केली, "आजपासून घरी झोपतो." डॉक्टरांनी ती तार मला वाचायला दिली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

बाहेर पडताना पायऱ्यांवर पूल भेटला. राग नव्हता त्याच्या मनात. हात पुढे करून म्हणाला, "अभिनंदन, साहेब. मुलंबाळं?"

"एक मुलगा," डॉक्टर म्हणाले.

"काय करतो?"

"पश्चिमेला असतो."

"पश्चिमेला कुठे?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायाखालच्या बर्फाकडे पाहिलं. पूलने आमच्या दोघांकडे पाहिलं आणि टोपी जरा खाली ओढली. "पश्चिम मोठी आहे," तो म्हणाला, आणि त्याने त्यानंतर काही विचारलं नाही.

खानावळीत परत येईपर्यंत त्यांनी माझा दंड सोडला नाही. वळ उठला आहे. तुझा पत्ता कळव. पत्र लिहू नकोस हवं तर, नुसता पत्ता.

आई

•

हार्लन फेरी, ११ डिसेंबर १८७९

लायमन,

मागच्या पत्रांत मी लिहीत होते की घरी सगळं ठीक आहे. ते तुला बरं वाटावं म्हणून होतं. आता ती पत्रं तुला पोचतात की नाही हेच मला ठाऊक नाही, मग बरं वाटवायचं तरी कुणाला?

गेला पूर्ण हिवाळा डॉक्टर "समितीचं काम" म्हणून शहरात जायचे. परत आले की कोटाला वास यायचा. तुझ्या लहानपणी कॉलेजातून आले की यायचा तोच, चुन्याचा आणि त्याच्याखाली दुसरा. मला वाटलं चोरून पुन्हा शिकवायला लागले. या वेळी मी म्हटलं, मीही येते. ते नको म्हणाले नाहीत, याचंच मला नवल वाटलं.

स्टेशनवरून आम्ही थेट एका कॉलेजच्या मागच्या अंगणात गेलो. रखवालदाराने त्यांना ओळखलं. सहज बोलला, भाजीवाला बोलेल तसा. "आज दोनच आलेत, साहेब. एक म्हातारी आहे आणि एक वयस्कर. तरणा कुणी नाही."

डॉक्टर तरीही आत गेले. दारातून मी पाहिलं. त्यांनी म्हाताऱ्याच्या तोंडावरचं कापड उचललं, बराच वेळ पाहिलं, पुन्हा नीट टाकलं आणि कडा आत खोचल्या. मग म्हातारीचंही तसंच केलं.

आगगाडीत मी विचारलं, "हे केव्हापासून?"

"कायदा लागू झाला तेव्हापासून."

"म्हातारीला कशाला बघितलंत?"

"लुसिंडा, आता आत गेल्यावर एकालाच बघून कसं येऊ?"

राज्यात अशी जितकी कॉलेजं आहेत तितकी ते फिरतात. थंडीत, कारण थंडीतच शिकवतात. तू आजारी पडलास, खिशात कागद नसला, कुठल्या गरीबखान्यात नाव सांगायच्या आत वात झाला, तर एक दिवस. त्यांनीच मारलेली रेघ.

आणखी एक गोष्ट सांगते. तू हसशील. डॉक्टरांना मागच्या दारावर टकटक ऐकू येते. दोनदा, हलकी, दोन्ही हातांत ओझं असलेल्या माणसाने कोपराने वाजवावी तशी. जेवताना येते, पेपर वाचताना येते, दुपारी खुर्चीत डोळा लागला की येते. ते उठतात, दार उघडतात, अंगणात पाहतात, पुन्हा येऊन बसतात. एकदा मी म्हटलं, "कुणी नाही हो तिथे. कशाला उठता?" तर म्हणाले, "कॉलेजात ते लोक अशीच वाजवायचे. पोतं दोघांनी धरलेलं असायचं. मी वर पुस्तक वाचत असायचो. दार उघडायला दुसरं कुणीतरी जायचं."

मी त्यानंतर त्यांना उठू नका म्हणाले नाही.

परवा मी एकटी पीठ मळत होते. ते गावात गेले होते. टकटक झाली. मी हात तसेच घेऊन दार उघडलं. अंगणात कोंबड्या होत्या आणि कुणी नव्हतं. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

आई

•

हार्लन फेरी, ३ मे १८८१

लायमन,

हे पत्र मी डेन्व्हर, लेडव्हिल आणि शायेन अशा तिन्ही ठिकाणी पाठवते आहे. कुठेतरी असशील. तू आहेस असं समजून लिहिणारी आता मी एकटीच उरले आहे, ते का ते सांगते.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी स्वतःचाच कायदा बदलायला घेतला. प्रेत आठवडाभर ठेवावं, वर्णन पेपरात छापावं, आणि शिकून झाल्यावर नावानिशी पुरावं, नाव नसलं तर वर्णनानिशी. कॉलेजांचे डॉक्टर हसले. एकजण, ज्याला यांनीच शिकवलं, तो सभागृहात म्हणाला, "आमच्या गुरुजींना आता भुतं दिसू लागली आहेत." डॉक्टर शांतपणे म्हणाले, "दिसत नाहीत. तेच तर." कुणाला कळलं नाही. पूल एकटा त्यांच्या बाजूने बोलला. सूचना पडली. पक्षाने उमेदवारी दिली नाही, तरी ते उभे राहिले आणि सपाटून हरले.

मला वाटलं आता फिरणं थांबेल. थांबलं नाही. पूर्वी आमदार म्हणून दारं उघडायची, आता रखवालदाराशी गप्पा मारून आत जायचे.

मार्चमध्ये ते एक पेटी घेऊन आले. मालगाडीतून. क्रामरची पावांची गाडी मागून स्टेशनवर गेले आणि तिच्यात घालून घरी आणली. मागच्या दाराने नाही, पुढच्या. बैठकीच्या खोलीत दोन खुर्च्यांवर ठेवली.

"लायमन सापडला," ते म्हणाले.

क्रामर त्यांच्या मागे टोपी हातात घेऊन उभा होता. झाकण उघडलं. मी पाहिलं. तुझ्याच वयाचा, केस तांबूस. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती, रेल्वेचे डबे जोडणाऱ्या पोरांची जातात तशी. भुवईत एक जुना व्रण. विषमज्वराने गाल बसले होते. कान तुझे नव्हते. आईला कान कळतात.

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी इतकी वर्षं त्यांच्याशी संसार केला, पण त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. उत्तर हवं होतं म्हणून नाही. साक्षीच्या सहीसाठी दुसरं माणूस लागतं तसं. त्यांना वेड लागलं होतं की ते जाणूनबुजून करत होते, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही पुरतं कळलेलं नाही.

"हो," मी म्हणाले. "आपलाच आहे."

तुझ्या आजोबांशेजारी त्याला पुरलं. मी तुझा रविवारचा सदरा त्याला घातला. बाह्या थोड्या लांब झाल्या. शेजारच्या बायका कोंबडीचं कालवण, सफरचंद भरलेले गोड पाव, काय काय घेऊन आल्या, माझे हात हातात घेतले. मी रडले, ते खोटं नव्हतं. पेपरात आलं, "माजी विधानसभा सदस्य डॉ. ऑरिन वेदरबी यांचे एकुलते चिरंजीव लायमन." ते कात्रण मी जपून ठेवलं नाही.

तेव्हापासून दारावर टकटक नाही. डॉक्टर झोपतात. मी जागी असते. कधीकधी स्वयंपाकघरात भांडं उचलताना मनात येतं, माझा मुलगा गेला, आणि मग लक्षात येतं की मला तसं म्हणायची सवय लागते आहे. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. म्हणून हे पत्र. तू असलास तर मला दोन ओळी टाक, म्हणजे मी तुला विसरणार नाही.

आई

•

हार्लन फेरी, २ सप्टेंबर १८८१

लायमन, माझ्या बाळा,

तुझं पत्र मागच्या आठवड्यात आलं. टपालवाला ते पुढे करताना लांब उभा राहिला, पाकिटावरचं नाव वाचून त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

तू लिहितोस की लेडव्हिलला न्हाव्याच्या दुकानात कुणाच्या तरी बुटांना गुंडाळलेला पेपर तू वाचलास आणि त्यात तू मेला होतास. माझं एकही पत्र तुला मिळालं नाही, तो पेपर मिळाला. तू रागाने लिहिलंस, "मला जिवंतपणी पुरून तुम्ही मोकळे झालात." लिहायचा तुला हक्क आहे. पण मोकळं कुणी झालेलं नाही, ते आता तुला माझी जुनी पत्रं वाचून कळेल. परत आलेली सगळी यासोबत पाठवते.

मी ते पत्र डॉक्टरांना वाचून दाखवलं. संपल्यावर म्हणाले, "खालची सही पुन्हा वाच." मी वाचली. "पुन्हा." मी पुन्हा वाचली. मग पत्र हातात घेऊन शाईवरून अंगठा फिरवला. मला वाटलं आता रडतील, किंवा देवाचे आभार मानतील. त्यांनी कोट घातला.

"कुठे निघालात?"

"क्रामरकडे. त्याने खांदा दिलाय. त्याला सांगायला हवं की त्याने कुणाला खांदा दिला ते मला ठाऊक नाही."

मी मागोमाग गेले. क्रामर भट्टीसमोर होता. डॉक्टरांनी एका दमात सांगितलं, की लायमन जिवंत आहे, पुरलेला पोरगा दुसरा आहे, आणि पेटी उघडतानाच त्यांना ते ठाऊक होतं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, लायमन. त्यांना वेड लागलेलं नव्हतं.

क्रामरने पाव काढायची लांब दांड्याची फळी भिंतीला टेकवली.

"मलाही ठाऊक होतं," तो म्हणाला. "लायमन माझ्या दुकानात वाढला. त्याला मी ओळखणार नाही?"

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? त्या पोराला कुणीतरी मागून घेतलं होतं, डॉक्टर. माझ्या पोरीला तसं कुणी तळघरातून मागून आणलं असतं, कुठल्याही नावाने, तर मी त्याचे पाय धरले असते."

डॉक्टर तिथेच पिठाच्या पोत्यावर बसले. या माणसाशी ते इतकी वर्षं पाव आणि हवामान यांपलीकडे बोलले नव्हते. म्हणाले, "ओटिली आली तेव्हा मी वरच्या मजल्यावर होतो. मला दार वाजल्याचं ऐकू आलं होतं."

क्रामर भट्टीकडे वळला. मला वाटलं आता हाकलून देईल. त्याने भट्टीत पाहिलं, पाव झाले होते, ते काढले, सगळे काढून होईपर्यंत डॉक्टरांकडे पाठ होती. मग म्हणाला, "हे मला तुम्ही त्याच दिवशी सांगायला हवं होतं." आणि थोड्या वेळाने, "घरी जा. बाई थकल्यात."

त्याने माफ केलं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी पाव नेहमीसारखा आला.

डॉक्टरांनी पेपरांना नवी जाहिरात पाठवली आहे. तांबूस केस, डाव्या हाताची दोन बोटं नाहीत, भुवईत व्रण, मार्चमध्ये विषमज्वराने गेला. "हा आमचा मुलगा नाही. ज्यांचा असेल त्यांनी यावं. वेळेची मर्यादा नाही." लोक म्हणतात, आता नक्की डोकं फिरलं.

आई

•

हार्लन फेरी, १९ ऑक्टोबर १८८१

लायमन,

तुझं दुसरं पत्र मिळालं. तू यायचं की नाही ते अजून ठरत नाही म्हणतोस. मी आग्रह करत नाही. फक्त काल काय झालं ते सांगते.

स्टेशनवरून क्रामर एका बाईला घेऊन आला. माझ्याहून वयाने लहान, पण हात म्हाताऱ्या बाईचे. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणीकडची. नाव ब्रिजेट डुलान. जाहिरात तिला तिच्या पाद्रीने वाचून दाखवली, तिला वाचता येत नाही. तिने पहिलं विचारलं ते हे, "व्रण कुठल्या भुवईत?"

"उजव्या," डॉक्टर म्हणाले. "बाहेरच्या टोकाला, वर वळलेला."

"कुंपणावरून पडला होता," ती म्हणाली, आणि खुर्ची धरून हळूच बसली.

मग ती विचारत गेली आणि डॉक्टर सांगत गेले. तो कुठे मेला, अंथरुणाला खिळून कुठल्या खोलीत होता, शेजारी कोण होतं. लायमन, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. पेटी आणण्याआधी ते त्या गरीबखान्यात जाऊन आले होते. तिथल्या एका म्हाताऱ्याला भेटून, त्या पोराने शेवटी पाणी मागितलं आणि एका घोड्याविषयी बोलत राहिला, हेही विचारून आले होते. "घोड्याचं नाव काय म्हणाला?" ती बाई म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "नेड." तेव्हा ती रडली. आमच्याकडे नेड नावाचा आंधळा घोडा होता, म्हणाली.

आम्ही तिला कबरीपाशी नेलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला गावी न्यायचा असेल तर सगळी व्यवस्था मी करतो." तिने आजूबाजूला पाहिलं, तुझे आजोबा, आजी, तुझी लहानपणी गेलेली बहीण. विचारलं, "तुम्ही त्याला काय नावाने पुरलंत?"

"लायमन."

"त्याचं नाव मायकेल."

"दगड उद्याच बदलतो," डॉक्टर म्हणाले.

"नाव बदला," ती म्हणाली, "त्याला हलवू नका. खाणीकडे आमची जमीन खचते."

तिच्या पंथाचा पाद्री पलीकडच्या गावाहून आणायचा आहे, म्हणून ती रविवारपर्यंत राहणार आहे. आज सकाळपासून ती आणि मी सफरचंदं कापून सुकत घालतो आहोत. मी तिला तुझ्याबद्दल सांगते, ती मला मायकेलबद्दल सांगते. डॉक्टर पाथरवटाकडे बसले आहेत, त्या बाईने सांगितलेलं नाव एकेक अक्षर करून कोरून घेत.

तिला तुझी खोली दिली आहे. रविवारच्या आत आलास तर तुला खाली बाकावर झोपावं लागेल.

तुझी आई